सशाची गव्हाण : घरच्या सशासाठी गवताची पारख

धान्याच्या व्यापारात वाढलेल्या घराला मालाची पारख वेगळी शिकवावी लागत नाही. ज्वारीची मूठ तळहातावर पसरली की दाण्याचा कस नजरेला कळतो. हरभरा दाताखाली फोडला की त्यातील ओल उमगते. पोत्यात हात खोलवर घातला की तळाचा माल वरच्यासारखाच आहे की नाही, हे बोटे सांगतात. अहिल्यानगरच्या आडते बाजारात आणि डाळ मंडईत ही विद्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे बोलल्याविना जाते. अलीकडे मात्र हीच विद्या एका लहानशा मुक्या जीवासाठी उपयोगात आणण्याची वेळ अनेक घरांवर आली आहे. मुलांच्या हट्टाने, वाढदिवसाची भेट म्हणून किंवा कोणी सांभाळेनासे झाले म्हणून घरात ससा येतो. पहिला महिना कौतुकात जातो. मग एके दिवशी तो कोपऱ्यात पाठ वाकवून बसतो, खाणे सोडतो, आणि दोन दिवसांत सारे संपते. घरचे म्हणतात, ऊन बाधले असेल. वडीलधारे म्हणतात, दृष्ट लागली असेल.

बहुतेक वेळा कारण त्याच्या वाटीत असते. वाटीत बिस्किट असते, पावाचा तुकडा असतो, भिजवलेला हरभरा असतो, काकडीची फोड असते. नसते ते केवळ गवत. जिव्हाळ्याने दिलेले अन्नच जिवावर उठते, आणि देणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्या समाजात जीवदया हा शब्द मूल बोलू लागताच कानावर पडतो, त्या समाजातील घराने या विषयाकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे.

गाजराचा गैरसमज

ससा म्हटले की चित्रातला ससा आठवतो आणि त्याच्या हातात गाजर असते. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरांत यामुळे एक अडचण उभी राहते: गाजर स्वयंपाकघरात आणायचे नाही, मग ससा कसा सांभाळायचा? काही घरांत केवळ सशासाठी गाजर आणून ते अंगणात वेगळे ठेवले जाते. या अडचणीचे उत्तर सोपे आहे. सशाला गाजराची गरजच नाही. पाळीव सशाचे मूळ पूर्वज स्पेन आणि पोर्तुगालच्या भूमीवरचे. ते बिळे करून राहत आणि गवत, पाला व कोवळ्या फांद्यांच्या साली खाऊन जगत. जमिनीखालचा कंद हा त्यांचा आहार नव्हता. गाजरात साखर अधिक असते आणि रोजच्या गाजराने सशाचे पोट बिघडते. कांदा आणि लसूण तर त्याला विषासमान. बटाटाही देऊ नये. म्हणजे जैन स्वयंपाकघरात जे येत नाही, त्यातील बरेचसे सशालाही नको असते.

येथे आणखी एक भेद लक्षात ठेवावा. कर्जत, श्रीगोंदे, पारनेरच्या माळरानावर दिसणारा ससा हा निराळा प्राणी आहे. तो बीळ करत नाही. त्याची पिले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव सशाची पिले उघडी आणि मिटल्या डोळ्यांची असतात. रानातल्या सशाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडून घरी आणणे हा गुन्हा आहे आणि त्याच्यासाठी ती मृत्यूची वाटही आहे. या लेखात विचार आहे तो घरात जन्मलेल्या, माणसावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या सशाचा.

दात आणि आतडे

गवत का, याचे उत्तर सशाच्या तोंडात आणि पोटात आहे. सशाला २८ दात असतात आणि ते सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात वर्षाला सुमारे १० ते १२ सेंटिमीटर वाढतात. ही वाढ झिजवण्याचे साधन निसर्गाने दिले आहे ते म्हणजे लांब, चिवट गवत. ते चावताना सशाचा जबडा उजवी-डावीकडे जात्यासारखा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासल्या जातात. बिस्किट किंवा दाणा चावताना जबडा फक्त वर-खाली होतो. दाढा झिजत नाहीत. मग त्यांना टोके येतात, ती जिभेला आणि गालाला टोचू लागतात. लाळ गळते, हनुवटी ओली राहते. भूक असूनही ससा खाऊ शकत नाही.

दुसरे कारण आतड्याचे. सशाचे पचन गाईसारखे चार कप्प्यांच्या पोटात होत नाही. मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या पिशवीत, ज्याला अंधांत्र म्हणतात, कोट्यवधी सूक्ष्मजीव तंतू आंबवतात. तेथे तयार झालेल्या मऊ, चकचकीत गोळ्या ससा शरीरातून बाहेर पडतानाच पुन्हा खातो. घरच्यांना ही घाणेरडी सवय वाटते. प्रत्यक्षात त्यातूनच त्याला ब जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात. ही व्यवस्था अखंड चालू राहण्यासाठी आतड्यातून तंतू सतत पुढे सरकत राहावे लागतात. तंतू कमी आणि पिष्ट जास्त झाले की सूक्ष्मजीवांचा समतोल ढळतो, वायू धरतो, आतड्याची हालचाल मंदावते आणि शेवटी थांबते. सशाला उलटी होत नाही. आत गेलेले चुकीचे अन्न परत फिरवण्याचा मार्ग त्याला नाही. म्हणून प्रौढ सशाच्या आहारात ८० टक्क्यांहून अधिक भाग वाळलेल्या गवताचा असावा. उरलेल्यात थोडा हिरवा पाला, आणि बाजारातले गोळीखाद्य द्यायचेच तर दिवसाकाठी दोन चमच्यांपलीकडे नको.

जिल्ह्याचा चारा आणि सशाची निवड

चाऱ्याच्या बाबतीत अहिल्यानगर जिल्हा अजाण नाही. दुधाचा धंदा, साखर कारखाने आणि दुष्काळ या तिन्हींनी येथल्या माणसाला चारा ओळखायला लावले. काष्टी, घोडेगाव, लोणी येथील जनावरांच्या बाजारांची ख्याती जुनी आहे, आणि नगर शहरात कापड बाजाराच्या परिसरातील एका गल्लीचे नावच घासगल्ली आहे. मात्र जे गाईला मानवते ते सारे सशाला मानवते असे नाही. म्हणून जिल्ह्यात सहज मिळणारा एकेक चारा तपासून पाहणे इष्ट.

प्रथम लसूणघास. राहुरी, राहाता, संगमनेर, नेवासे या बागायती पट्ट्यात दुभत्या जनावरांसाठी घास घरोघरी असतो. सशाला तो अतिशय आवडतो आणि म्हणूनच चूक घडते. घासात प्रथिने व चुना दोन्ही भरपूर. इतर प्राण्यांचे शरीर लागेल तितकाच चुना आतड्यातून शोषते; ससा मात्र अन्नातला जवळजवळ सर्व चुना शोषून घेतो आणि जास्तीचा लघवीवाटे टाकतो. रोज घास खाणाऱ्या प्रौढ सशाची लघवी खडूसारखी पांढरट, दाट होते आणि पुढे मूत्राशयात खडे धरतात. सहा महिन्यांखालील पिले, गाभण किंवा पाजणारी मादी यांना वाळलेला घास योग्य; प्रौढाला तो प्रसादापुरता. ओला, कोवळा घास एकदम दिला तर पोट फुगते.

दुसरा कडबा. जामखेड, कर्जत, पाथर्डी, शेवगाव या भागांतील रब्बी ज्वारीचा कडबा शेकड्यावर विकला जातो आणि दुष्काळात त्याला सोन्याची किंमत येते. पण दाणा काढून घेतल्यावर उरलेल्या ताटात पोषण थोडे आणि ताट सशाच्या तोंडाला फार जाड. स्वच्छ कडब्याची वाळलेली पाने ओरबाडून अधूनमधून दिली तर चालतात; मुख्य आहार म्हणून कडबा पुरेसा नाही. ज्वारीची हिरवी, कोवळी पाने मात्र कधीही देऊ नयेत. त्यांत सायनाइडसारखे विष तयार होते, हे येथला प्रत्येक गुराखी जाणतो. बाजरीचे सरमाड कडब्याहूनही राठ.

तिसरा मुरघास. हवाबंद पिशवीत आंबवलेला हा मक्याचा चारा गाईंना वरदान ठरला आहे. सशाला मात्र तो देऊच नये. त्यातील आम्लता आणि मक्याचा दाणा दोन्ही त्याच्या आतड्याला बाधक आहेत. उसाच्या वाढ्यांचेही तेच. त्यांत ऑक्झॅलेटचे प्रमाण मोठे आणि पानांच्या कडा धारदार. गव्हाचा भुसा धुळीने भरलेला असतो. अकोल्याच्या डोंगराळ भागात भाताचा पेंढा मिळतो. अंथरूण म्हणून तो चांगला, पण अन्न म्हणून निःसत्त्व.

मग योग्य काय? दोन पर्याय जिल्ह्यातच आहेत. पहिला म्हणजे माळावरचे आणि डोंगरउतारावरचे गवत: मारवेल, पवन्या, हरळी. हरळी म्हणजे गणपतीला वाहतात ती दूर्वाच. मारवेलची पाने बारीक आणि काडी मऊ असते. सशासाठी ते उत्तम. नगर तालुक्यातील हिवरे बाजार आणि पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या गावांनी चराईबंदी पाळून आपल्या डोंगरांवर गवत पुन्हा आणले, ही कथा सर्वज्ञात आहे. त्या कथेतील एक बारकावा येथे उपयोगी पडतो. चराईबंदीच्या शिवारातले गवत जनावरांच्या पायाखाली तुडवले जात नाही, त्यावर शेण-मूत पडत नाही; ते विळ्याने कापून आणले जाते. सशासाठी गवत घ्यावे ते अशाच राखलेल्या शिवारातले. रस्त्याकडेचे, कुत्री फिरतात तेथले किंवा फवारणी झालेल्या बांधावरचे नको.

दुसरा पर्याय ओटचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात, ज्याची स्थापना १९६८ ची, चारा पिकांवर दीर्घकाळ संशोधन चालू आहे. तेथे विकसित झालेला ‘फुले हरिता’ हा ओटचा वाण दूध उत्पादकांना परिचित आहे. ओट ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरला जातो. निम्मे पीक फुलोऱ्यात आले असता, दाणा भरण्यापूर्वी कापून वाळवला तर त्याचे गवत मऊ, गोडसर आणि तंतूंनी भरलेले होते. जगभर ससे पाळणारे ज्या गवतांना पसंती देतात, त्यांत ओटचे गवत आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडे गाईंसाठी ओट असेल, तर दोन सरींचा ओट वेगळा राखून वाळवून देण्याची विनंती करावी. त्याला त्यात फारसा भार नाही, आणि सशाच्या वर्षभराच्या अन्नाची सोय होते.

मोठ्या शहरांत आणि घरपोच सेवेतून ‘टिमोथी’ नावाचे परदेशी गवत पुडीबंद मिळते. थंड हवेतले हे गवत अठराव्या शतकातील टिमोथी हॅन्सन या अमेरिकी शेतकऱ्याच्या नावाने ओळखले जाते. ते चांगले आहे यात शंका नाही. पण त्याला किलोमागे काही शे रुपये मोजावे लागतात, आणि किंमत परवडेनाशी झाली की घरे पुन्हा बिस्किटाकडे वळतात. महागडे गवत चार दिवस देण्यापेक्षा साधे, स्वच्छ, स्थानिक गवत रोज पोटभर देणे केव्हाही श्रेयस्कर.

पारख

चांगले गवत ओळखण्यासाठी पाच इंद्रियांपैकी तीन पुरतात.

प्रथम डोळे. गवताचा रंग हिरवट असावा. थोडा पिवळेपणा चालतो. पूर्ण पांढरट-पिवळे गवत उन्हात फार दिवस पडून सत्त्व गमावून बसलेले असते. काळे किंवा करडे डाग दिसले तर ते पावसात भिजले आहे, हे निश्चित. पेंढी उलगडून पाहावी, कारण धान्याच्या पोत्याप्रमाणे येथेही वरचा थर फसवा असतो. पानांचे प्रमाण भरपूर आणि काडी बारीक असावी. फुलोरा नुकता आलेला असावा. बी गळून गेलेले गवत म्हणजे नुसती काडी.

डोळ्यांनीच परकी वनस्पतीही शोधावी. गाजर गवत आज सर्वत्र माजले आहे आणि कापणीत ते सहज मिसळते. धोतरा, रुई, घाणेरी यांची पाने वा बोंडे दिसली तर ती पेंढी परत करावी. आणखी एक शत्रू येथल्या माळरानाचा स्वतःचा आहे. कुसळी गवत कोवळे असताना निरुपद्रवी. पण पक्व झाल्यावर त्याची भाल्यासारखी कुसळे सशाच्या हिरड्यांत, डोळ्यांत, कातडीत घुसतात आणि तेथे पू धरतो. मूठभर गवत तळहातावरून उलट दिशेने ओढून पाहावे. बोटांना टोचले तर सशालाही टोचणार.

मग नाक. उत्तम गवताला नुकत्याच कापलेल्या शिवाराचा मंद, गोडसर वास असतो. कुबट वास आला तर बुरशी. तंबाखूसारखा, जळका वास आला तर गंजीत ओल राहून ते आतल्या आत तापले आहे. वास मुळीच नसेल तर गवत जुने आहे. मूठ हलकेच झटकून पाहावी. धूळ उडाली तर ती सशाच्या फुप्फुसात जाणार, कारण त्याचे नाक दिवसभर त्याच गवतात असते.

शेवटी हात. काडी पिळली असता कुरकुरत मोडावी. लवचीक राहिली तर ओल आहे. साठवायच्या गवतात ओलावा १५ टक्क्यांहून कमी हवा. याची एक घरगुती परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर गवताचे तुकडे आणि दोन चमचे कोरडे मीठ घालून ती बरणी चांगली हलवावी. मीठ मोकळे राहिले तर गवत साठवण्याजोगे. मिठाच्या गुठळ्या झाल्या तर ते पुन्हा वाळवले पाहिजे. गंजीतून घेत असल्यास हात कोपरापर्यंत आत घालावा. आत ऊब लागली तर तो माल घेऊ नये.

कडबाकुट्टी यंत्रातून निघालेली बारीक कुटी घेण्याचा मोह होतो, कारण ती ठेवायला सोपी. पण दात झिजतात ते लांब काडी चावताना. सशाला गवत अख्खेच द्यावे.

केव्हा घ्यावे, किती घ्यावे

या जिल्ह्याच्या पर्जन्यमानात माळावरचे गवत भाद्रपद-आश्विनात फुलोऱ्यावर येते. पर्युषण आटोपल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ गवत ठरवण्याचा. पुष्कळ ठिकाणी गवत दिवाळीनंतर, बी गळून गेल्यावर कापले जाते, कारण तेव्हा ते आपोआप वाळलेले असते. वजन भरते, सत्त्व नसते. म्हणून शेतकऱ्याशी आधीच बोलून ठेवावे: फुलोऱ्यात कापावे, दिवसातून एकदोनदा उलटावे, पावसाची चिन्हे दिसली तर झाकावे. त्याच्या या जादा कष्टांचा योग्य मोबदला द्यावा. येथे घासाघीस करू नये. ओटचे गवत माघ-फाल्गुनाच्या कोरड्या हवेत तयार होते, तेव्हा वर्षातून दोनदा ताजा माल भरता येतो.

दोन किलोच्या सशाला दिवसाला सुमारे १०० ग्रॅम गवत लागते. तो त्यात निवडून खातो आणि काही तुडवून टाकतो, ते धरून वर्षाला ५० किलो पुरतात. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात या जिल्ह्यात चारा छावण्या उघडल्या गेल्या, हजारो जनावरे दावणीला आली, आणि अनेक व्यापारी कुटुंबांनी त्यांच्या चाऱ्यासाठी हात सैल सोडला. अशा जिल्ह्यात शौकाच्या प्राण्यासाठी गवत घेणे योग्य का, असा प्रश्न एखाद्या संवेदनशील मनाला पडू शकतो. हिशेब असा की एक गाय दिवसाला साधारण सहा किलो वाळला चारा खाते. सशाचे वर्षभराचे गवत म्हणजे एका गाईचा आठ-नऊ दिवसांचा चारा. ज्याला तो सल वाटेल, त्याने दरवर्षी तेवढाच चारा जवळच्या पांजरपोळास किंवा गोशाळेस द्यावा. दोन्ही जीवांचे ऋण फिटते.

साठवण

व्यापारी घराकडे गोदाम असते आणि गवत तेथेच ठेवले जाते. याविषयी एक गंभीर इशारा आवश्यक आहे. ज्या गोदामात धान्याला कीड लागू नये म्हणून विषारी वायूच्या गोळ्या ठेवतात, तेथे सशाचे गवत ठेवू नये. त्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू निघतो आणि तो माणसालाही प्राणघातक आहे. उंदरांसाठी ठेवलेल्या औषधाजवळ किंवा खतांच्या गोण्यांशेजारीही गवत नको.

गवत घरातल्या कोरड्या, हवेशीर, उन्हाआड जागी फळीवर ठेवावे. जमिनीला आणि भिंतीला टेकवू नये. सुती किंवा तागाच्या पोत्यात ते श्वास घेते; प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत त्याला घाम सुटतो आणि आठवड्यात बुरशी धरते. चातुर्मासात विशेष दक्षता हवी. दमट हवेत गवतात सूक्ष्म जीव आणि किडे उत्पन्न होतात. एकदा ते झाले की विराधना टाळणे कठीण. म्हणून पावसाळ्यापूर्वीच साठा बेताचा करावा, दर आठ दिवसांनी पोते उघडून पाहावे आणि द्यायचे गवत मूठमूठ हलक्या हाताने झटकून, पुंजून घ्यावे. जयणा हा शब्द ज्या घरात रोज उच्चारला जातो, तेथे ही सवय नवी नाही. कीटकनाशकाचा फवारा मात्र गवतावर कधीही मारू नये. बुरशी आलेले गवत निवडून वाचवण्याचा प्रयत्नही करू नये. ते खतात जाऊ द्यावे.

गव्हाण भरलेली असावी

सशाला गवत वेळापत्रकाने द्यायचे नसते. ते सदैव समोर असावे लागते. ससा पहाटे, सायंकाळी आणि रात्री अधिक खातो. चौविहार पाळणारे घर सूर्यास्ताला स्वयंपाकघर बंद करते. पण त्याआधी सशाची गव्हाण काठोकाठ भरलेली आहे ना, हे पाहणे त्या घराचे कर्तव्य. लाकडी फळ्यांची लहान गव्हाण भिंतीला लावावी, म्हणजे गवत पायाखाली येत नाही. पाणी खोलगट, जड वाटीत द्यावे आणि दिवसातून दोनदा बदलावे. वाळले गवत खाणाऱ्याला पाणी भरपूर लागते.

आजवर बिस्किट-दाण्यावर वाढलेल्या सशाला एका दिवसात गवतावर आणू नये. दोन-तीन आठवड्यांत दाणा हळूहळू कमी करावा आणि गवत वाढवावे. गवताला आरंभी तोंड लावत नसेल तर त्यात कोथिंबिरीच्या किंवा पुदिन्याच्या चार काड्या मिसळाव्यात. लेंड्या रोज पाहाव्यात. मोठ्या, गोल, कोरड्या आणि फोडल्यावर आत गवताचा भुगा दिसणाऱ्या लेंड्या म्हणजे आरोग्याची पावती. त्या लहान, काळ्या, दोऱ्यात ओवल्यासारख्या किंवा कमी झाल्या तर आतडे मंदावते आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की ससा खाणे कमी करतो. त्या दिवसांत त्याला घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवावे.

दहा-बारा तास त्याने काही खाल्ले नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर सकाळची वाट पाहू नये; त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. तालुक्याच्या दवाखान्यांत बहुधा गाई-म्हशींचे उपचार होतात. म्हणून ससा तपासणारा वैद्य कोठे आहे, हे तो निरोगी असतानाच शोधून ठेवावे. घरात मुलांसाठी आणलेले अॅमॉक्सिसिलिनसारखे औषध सशाला पाजू नये. त्याने आतड्यातील उपकारक जीव मरतात आणि ससाही मरतो.

दयेला ज्ञानाची जोड

ज्ञाताधर्मकथेतील मेघकुमाराच्या पूर्वभवाची कथा जैन घरांत लहानथोरांना ठाऊक आहे. वणव्यातून जीव वाचवण्यासाठी हत्तीने रानातले झाड-गवत काढून एक मोकळे मंडल करून ठेवले होते. आग लागली तेव्हा सारे प्राणी तेथे दाटीवाटीने आले. अंग खाजवण्यासाठी हत्तीने पाय उचलला आणि त्या जागेत एक ससा येऊन बसला. हत्तीने अडीच दिवस तो पाय खाली टेकवला नाही. या कथेत हत्तीचा त्याग सर्वांच्या लक्षात राहतो. त्याचे शहाणपणही तितकेच ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याने सशाला आपल्या आवडीचे काही दिले नाही. त्या क्षणी सशाला जे हवे होते, नेमके तेच दिले.

घरच्या सशाचे आयुष्य नीट सांभाळल्यास आठ ते दहा वर्षांचे असते. तो आणण्यापूर्वी इतक्या वर्षांची जबाबदारी पेलेल का, याचा विचार व्हावा. पेलणार नसेल तर न आणणे हीच दया. आणलाच तर त्याची गव्हाण घरातल्या मुलाच्या हाती सोपवावी. रोज सकाळी मूठभर गवत उलगडणे, त्याचा वास घेणे, त्यातील कुसळ वेचणे, किडा दिसला तर तो हळूच बाजूला ठेवणे, कालच्या लेंड्या पाहणे, एवढेच काम. दहा मिनिटांच्या या कामात मुलाला मालाची पारखही कळते आणि जीवाचीही. पुढे तो आडतीवर बसेल किंवा परदेशी जाईल. समोरच्याला काय आवडते आणि काय हवे असते, यांतला फरक त्याला कोणी वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.